अर्धी कट्टी

उत्तर क्रमांक चार सगळ्यांना लागू पडायचं, हीच त्याची मोठी खोड होती. ज्याला कंपनीच्या कॉम्प्युटर-खेळातली कंदीलवाली आवडायची त्यालाही तेच, आणि ज्याला ती डोळ्यांसमोर नको असायची त्यालाही तेच. ‘त्या पात्रावरचं तुमचं प्रेम पाहून आम्हाला आनंद झाला. कथेतल्या प्रत्येक वळणामागे आमच्या लेखकांचा खोल विचार आहे. खेळत राहा.’ खाली सही: टिटवी, उत्तर विभाग. कंदीलवालीला फासावर चढवा म्हणून दोन पानं लिहिणाऱ्या माणसाला त्याच्या प्रेमाची पावती मिळाली की तो काय करेल, याचा विचार हे उत्तर बेतणाऱ्याने केला नसावा. तो माणूस अर्थातच दुसऱ्या दिवशी चार पानं लिहायचा.

टिटवी हे तिचं ऑफिसातलं नाव. उत्तर विभागात सहा जण बसत आणि खऱ्या नावाने सही करायची नाही असा नियम होता, कारण मागे एकदा एक चिडलेलं गिऱ्हाईक पत्ता शोधत कुणाच्या तरी घरी जाऊन दार वाजवत बसलं होतं. तेव्हापासून सगळ्यांना पक्ष्यांची नावं. ती सगळ्यांत शेवटी नोकरीला लागली, तोवर मोर, पोपट, मैना वाटून झाले होते. उरली होती टिटवी आणि घुबड. “टिटवी बरी,” शेजारच्या टेबलावरचा बगळा म्हणाला होता. “जरा कुठे खुट्ट झालं की ओरडून सगळ्यांना उठवते.” त्यावर ती टेबलाचा खण उघडून त्यातच बघत राहिली. बगळा साठीला टेकलेला, उंच आणि पाठीत वाकलेला माणूस. पूर्वी एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळायचा. त्याला वाटलं, नवीन आहे, बुजलीय.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, फरशांच्या दुकानाच्या वर. खिडकीतून पार्किंग दिसायचं आणि त्यापलीकडे आणखी एक पार्किंग. कॉफीचं मशीन होतं, त्यातून बहुतेक वेळा गरम पाणीच यायचं. इथे तक्रारीला तिकीट म्हणत. दिवसाला माणशी नव्वद तिकिटं संपवायची. पहिल्या दोन ओळी वाचायच्या, एक ते नऊपैकी कुठलं उत्तर बसतं ते ठरवायचं, बटण दाबायचं, पुढचं तिकीट. तिसरी ओळ वाचणारा माणूस इथे टिकत नाही, असं हेडबाई पहिल्या दिवशीच सांगायच्या. हेडबाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. काचेच्या खोलीत बसून प्रत्येकाचं दर दहावं उत्तर तपासायच्या.

आणि आता सगळी तिकिटं एकाच बाईबद्दल येत होती.

खेळाचं नाव ‘राखेचं खोरं’. चार वर्षांपूर्वी त्याचा पहिला भाग आला, त्यात ही कंदीलवाली. गावाच्या वेशीवर दिवे लावायचं तिचं काम. तिचा धाकटा भाऊ सैन्यातून पळून येतो आणि तिच्या माळ्यावर लपतो. कुणाच्या खिडकीत लाल काचेचा कंदील दिसला की पहारेकऱ्यांनी समजायचं, या घरात कुणीतरी दडलंय. एका पहाटे ती लाल कंदील खिडकीत टांगते. का टांगते, हे खेळ सांगत नाही. भावाला धरून नेतात, त्याला लपवल्याच्या शिक्षेतून गाव वाचतं, आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर जाते. एवढ्यावरून लोकांनी चार वर्षं डोकी फोडून घेतली. एका बाजूला म्हणणारे, घरभेदी आहे. दुसऱ्या बाजूला म्हणणारे, तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं ते सांगा. या भांडणावरून मैत्र्या तुटल्या होत्या, आणि एक ठरलेलं लग्न मोडल्याचंही एका तिकिटात लिहून आलं होतं.

मग दुसरा भाग आला आणि लेखकांनी चक्क वेळ मारून नेली. त्यांनी मागची आठवण म्हणून एक प्रसंग दाखवला: शिपायाने कंदीलवालीच्या लहान मुलीच्या गळ्याला सुरी लावलेली. पहिल्या भागात तिला मुलगी नव्हतीच. मग भाऊ सुटून येतो, ती त्याचे पाय धरते, तो तिला उठवतो, अर्धा मिनिट संगीत वाजतं, आणि पुढच्याच लढाईत ती भावावर येणारा बाण आपल्या छातीवर झेलून मरते. तिच्या बाजूचे भडकले, आमच्या बाईला धुतल्या तांदळासारखी करून मग मारलीत. विरुद्ध बाजूचे भडकले, फुकटात सुटली. चार वर्षांत पहिल्यांदा दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं, की आपल्या तोंडाला पानं पुसली गेली.

काय शिव्या येणार आहेत हे आधी कळावं म्हणून हेडबाईंनी सगळ्या पक्ष्यांना बसवून दोन्ही भागांची गोष्ट पडद्यावर दाखवली होती. भाऊ बहिणीला उठवतो त्या ठिकाणी टिटवी उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

“काय झालं?” बगळ्याने विचारलं.

“डोळ्यात काहीतरी गेलं.”

“दोन्ही डोळ्यांत?” तो म्हणाला, पण तिने हसून दाखवलं नाही, तेव्हा त्याने विषय सोडला.

त्यानंतरचे आठ दिवस तिने उत्तर क्रमांक चारचा पट्टा चालवला. तिला ते आवडू लागलं होतं म्हटलं तरी चालेल. दोन ओळी, बटण. दोन ओळी, बटण. कंदीलवालीविषयी माणसं काय काय म्हणतात ते तिसऱ्या ओळीपासून पुढे असायचं, आणि तिथे जायचं नाही हा ऑफिसचाच हुकूम होता. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा हुकूम तिच्या इतक्या पथ्यावर पडला होता.

मंगळवारी ‘तीनपायी’ नावाच्या खेळाडूचं तिकीट आलं. पहिल्या दोन ओळी अशा: ‘तुमची कंदीलवाली मला चार वर्षांपासून माहीत आहे. तिच्याबद्दल तुम्ही केलंत ते बरं केलं नाही.’ तिने चार नंबर दाबला आणि पुढे गेली.

गुरुवारी ते तिकीट परत आलं. उत्तराने समाधान झालं नाही तर गिऱ्हाइकाला सात दिवसांत तिकीट पुन्हा उघडता येत असे. सात दिवस गेले की ते आपोआप बंद. परत आलेलं तिकीट मात्र अख्खं वाचावं लागे. म्हणून तिने ते अख्खं वाचलं.

‘टिटवीबाई, तुम्ही माणूस आहात की मशीन हे मला माहीत नाही. माझं त्या बाईवर प्रेम आहे असं तुम्ही मला कळवलंत. मी तसं लिहिलं नव्हतं. आता नीट वाचा. मला ती मेलेली नको होती आणि माफ केलेलीही नको होती. मुलीच्या गळ्याला सुरी लावून तुम्ही तिला सोडवलंत. म्हणजे आता तिच्यावर रागवायचीही सोय राहिली नाही. ती मेली, म्हणजे रागवायला माणूसच राहिलं नाही. आणि एक प्रश्न तुमच्या एकाही लेखकाला सुचला नाही. भाऊ तिला आदल्या रात्री सांगतो की सकाळी मी स्वतः जाऊन हजर होतो. पहिल्या भागात हे वाक्य आहे, ऐकून बघा. मग ती सकाळपर्यंत का थांबली नाही? तिला हे कुणीच का विचारत नाही? खेळात दोनच बटणं देता, माफ करा नाहीतर मारा. अर्धी कट्टी ठेवायची काही सोय तुमच्याकडे आहे का? नसेल. त्याला मधे स्टूल लागतं.’

तिने ते पुन्हा वाचलं. मग स्क्रीनवरची नजर काढून खिडकीबाहेर पाहिलं. खाली एक माणूस गाडी मागे घेत होता आणि दुसरा त्याला हात करून दाखवत होता. तिचे हात टेबलावर होते तिथेच राहिले होते.

अर्धी कट्टी हा शब्द जगात तीन माणसांना माहीत होता. ती, तिचा धाकटा भाऊ आणि त्यांची आई. बाकीच्या घरांतली मुलं कट्टी घेतात नाहीतर बट्टी करतात. या दोघांनी मधला प्रकार काढला होता, कारण एकाच खोलीत झोपायचं, एकाच टेबलावर अभ्यास करायचा, आणि पूर्ण कट्टी घेतली तर खोडरबर कुणाकडे मागायचा? अर्ध्या कट्टीत एकमेकांशी बोलायचं नाही, पण मधे एक वस्तू ठेवून तिच्याशी बोलायचं. ती वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातलं तीन पायांचं स्टूल. ‘स्टुला, हिला सांग, माझी पट्टी दे.’ ‘स्टुला, त्याला सांग, पट्टी त्यानेच मोडली.’ आई वैतागायची. एकदा तिने ते स्टूल गच्चीवर नेऊन ठेवलं, तर दोघं गच्चीवर जाऊन भांडले. आणि अर्ध्या कट्टीचा एकच नियम होता, स्टुलाला खोटं सांगायचं नाही.

भाऊ मोठा झाला, बेकरीची गाडी चालवू लागला. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्याने वळणावर एका सायकलवाल्याला उडवलं आणि न थांबता घरी आला. सायकलवाला शाळेत कवायत शिकवणारा मास्तर होता. चाळीस मिनिटं तो रस्त्याकडेला पडून राहिला, मग कुणीतरी त्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, एक पाय कायमचा अधू झाला. धडक कुणी दिली ते सोडून हे सगळं नऊ वाजेपर्यंत गावभर झालं होतं. जेवणं झाल्यावर ती भांडी घासत होती, तिथे येऊन भावाने तिला एकटीला सांगितलं. आईला नाही सांगितलं. म्हणाला, ताई, मला आता उभं राहवत नाही. झोपतो. सकाळी मी स्वतः जाऊन हजर होतो.

पहाटे पाचला ती उठली, चपला हातात घेऊन जिना उतरली आणि पोलीस ठाण्यात गेली.

साडेसहाला पोलीस घरी आले तेव्हा भावाने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. कागदावर ‘स्वतः हजर झाला’ यायचं ते ‘घरातून ताब्यात घेतला’ असं आलं. त्या तीन शब्दांची किंमत न्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितली: हजर झाला असता तर आठ महिने, आता चौदा. तेव्हा भावाने वळून तिच्याकडे पाहिलं. शिवी दिली नाही, काही नाही. फक्त पाहिलं, आणि त्यानंतर तो तिच्याशी आजतागायत एक शब्द बोलला नव्हता. सुटून आला, आईकडे राहायला लागला, पुढच्या खोलीत शिलाई मशीन दुरुस्त करायला लागला. ती गावातल्या दुसऱ्या वस्तीत भाड्याने राहायला गेली. ती या ऑफिसात लागली हे त्याला माहीत नव्हतं. आईने सांगितलं नव्हतं, कारण आईने दोघांनाही बजावलं होतं, तुमच्या भांडणात मला मधे घालू नका, मी स्टूल नाही.

तिने जेवणाच्या सुट्टीत आईला फोन लावला. एरवी ती रविवारी लावायची.

“आज कसा काय?” आई म्हणाली. “बरी आहेस ना?”

“बरी आहे. तो काय करतोय?”

“कोण तो?” आई मुद्दाम म्हणाली. आईला तिच्या तोंडून नातं ऐकायचं असायचं.

“भाऊ माझा.”

“आहे. मशीन उघडून बसलाय. काम संपलं की त्या स्क्रीनसमोर. हल्ली तर काय, कंदील कंदील करून स्वतःशीच भांडत असतो. परवा रडत होता गं. मी विचारलं, तर म्हणे खेळातली बाई मेली. एवढा घोडा झाला आणि खेळातल्या बाईसाठी रडतो.” आई थांबली. “तू का विचारतेस?”

“सहज.”

“सहज तू कधी विचारत नाहीस.”

जेवायची सुट्टी संपली म्हणून तिने फोन ठेवला.

परत आलेल्या तिकिटाला उत्तर क्रमांक नऊ जायचं, असा हेडबाईंचा शिरस्ता. ‘आपल्या प्रतिक्रियेची नोंद घेतली आहे. या विषयावर आमच्याकडून हे अंतिम उत्तर समजावं.’ नऊ नंबरचं वैशिष्ट्य असं, की तो गेला की गिऱ्हाइकाला ते तिकीट पुन्हा उघडता येत नाही. शिवाय त्या नावाने त्या विषयावर नवं तिकीटही काढता येत नाही. तिने स्वतः दोन वर्षांत पाचशे तरी नऊ पाठवले असतील. आता तिच्या समोर नऊचं बटण होतं आणि त्या बटणापलीकडे तिचा भाऊ. त्याच्याकडे जायचा एवढा एकच रस्ता तीन वर्षांत उघडला होता, तोही त्याच्या नकळत, आणि तो बंद करायचा पगार तिला मिळत होता.

काहीच केलं नाही तरी सात दिवसांनी तिकीट बंद होणारच होतं. तिने ते बाजूला सरकवून ठेवलं. शुक्रवार गेला. शनिवार-रविवार ती घरी बसून होती. साधं पत्र लिहावं, थेट फोन करावा, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पत्रं तिने पूर्वी पाठवली होती, तुरुंगात पाच आणि घरी दोन. सातही न उघडता परत आली होती. त्या पत्रांत तिने काय लिहिलं होतं? कायदा, मास्तरांचा पाय, मोठ्या बहिणीचं कर्तव्य. सगळं खरं होतं. पण आता विचार करताना तिला दिसलं, की तिने त्याला सात वेळा उत्तर क्रमांक चार पाठवलं होतं. तो विचारत होता ते तिसऱ्या ओळीत होतं. ती दोनच ओळी वाचून परत फिरत होती.

ती सकाळपर्यंत का थांबली नाही. याचं उत्तर तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ते तिने आईलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते खरं होणार, आणि मग ती चांगली राहणार नव्हती. लोक तिला चांगली म्हणत. मास्तरांच्या बायकोने तर तिचे हात हातात घेतले होते. त्या हातांची तिला अजून शरम वाटायची.

सोमवारी बगळ्याने तिच्या स्क्रीनवर तिरपी नजर टाकली. “हे तिकीट गुरुवारपासून इथेच आहे. नऊ मार आणि मोकळी हो.”

“याला नऊ नाही पाठवायचा.”

“मग काय पाठवणार?”

“लिहिणार आहे.”

“हाताने?” बगळ्याने चष्मा काढला. या विभागात कुणी हाताने उत्तर लिहिल्याला चार वर्षं झाली होती आणि ज्याने लिहिलं होतं तो आता फरशांच्या दुकानात होता. “बाई, कोण आहे हा?”

तिला खोटं सांगता आलं असतं. “ज्याच्या घरात मी लाल कंदील टांगला तो,” ती म्हणाली.

बगळ्याने चष्मा घातला आणि तो आपल्या स्क्रीनकडे वळला. थोड्या वेळाने तिच्याकडे न पाहता म्हणाला, “तुझी सकाळपासून किती झाली?”

“एकोणतीस.”

“मग आता थांब. तिसावं साधं जाऊ दे. एकतिसावं हे पाठव.”

तिने तसं केलं. तिसाव्याला चार नंबर पाठवला. मग तीनपायीचं तिकीट उघडलं, उत्तराचा चौकोन रिकामा केला आणि लिहायला बसली. चार वेळा पुसलं. पहिल्यांदा ‘प्रिय’ पुसलं. दुसऱ्यांदा मास्तरांचा पाय पुसला. शेवटी राहिलं ते असं.

‘स्टुला, त्याला सांग. शिपायाने सुरी लावली नव्हती. ते लेखकांनी मागाहून घुसडलं. कंदीलवालीवर कुणाचीही जबरदस्ती नव्हती. भाऊ सकाळी जाणार नाही अशी तिला भीती नव्हती. तो गेलाच असता, हे तिला माहीत होतं. तिला स्वतःची भीती होती. रात्रभर ती जागी होती आणि पहाटेपर्यंत तिच्या तोंडात एक वाक्य येऊन बसलं होतं, की जाऊ नकोस, कुणी पाहिलेलं नाही, गाडी आपण धुऊन टाकू. सकाळी तो समोर आला असता तर तिने ते वाक्य म्हटलं असतं. त्याने ऐकलं असतं, कारण तो तिचं ऐकायचा. म्हणून तो उठायच्या आत ती गेली. ती त्याच्यासाठी गेली नाही, त्या मास्तरांसाठीही गेली नाही. ती स्वतःपासून पळाली, आणि तिच्या पळण्याचे सहा महिने त्याने भोगले. हे तिने कुणाला सांगितलेलं नाही. माफी मागत नाही, कारण मग तुला ती द्यायची की नाही हे ठरवावं लागेल. रागव. ती मेलेली नाही.’

खाली सही आपोआप आली: टिटवी, उत्तर विभाग. ती तिला पुसता येत नव्हती. तिने बटण दाबलं आणि बत्तिसावं तिकीट उघडलं, पण त्यातली एक ओळही तिला वाचता आली नाही.

त्याला कळेल का, कळलं तर तो काय करेल, या विचारात तिचा जीव दोन दिवस टांगणीला लागला होता. आईचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. बुधवारी दुपारी हेडबाईंनी काचेच्या आतून तिला बोटाने बोलावलं.

हेडबाईंच्या टेबलावर कागद होता. बगळ्याचा हिशेब फुकट गेला होता. हाताने लिहिलेलं उत्तर मशीन आपोआप बाजूला काढतं, हे त्याला कुठे माहीत असणार?

“हे काय आहे?” हेडबाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “स्टूल कोण?”

“घरातलं होतं.”

“आणि हे वाक्य. ‘लेखकांनी मागाहून घुसडलं.’ कंपनीच्या नावाने तू गिऱ्हाइकाला हे लिहून दिलंस. उद्या हे त्याने सगळीकडे चिकटवलं तर?”

“तो चिकटवणार नाही.”

“तुला काय माहीत?”

“माझा भाऊ आहे,” ती म्हणाली. मग तिने थोडक्यात सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच, पाच वाजता हातात घेतलेल्या चपलांसकट. हेडबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी कागद सरळ केला, मग पुन्हा सरळ केला.

“लेखी समज द्यावी लागेल,” त्या म्हणाल्या. “ती मी देणार आहे. तुझ्या फाइलला लागेल, आणि पुन्हा झालं तर मी काही करू शकणार नाही. समजलं?”

“समजलं.”

“आणि गिऱ्हाइकाचा अभिप्राय आलाय. तोही वाईट आहे, तोही लागेल.” हेडबाईंनी चष्मा वर करून वाचलं. “‘या उत्तराने तुमचं समाधान झालं का?’ त्याने दाबलंय, नाही.”

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. अपेक्षा दुसरी काय होती, असं स्वतःला म्हणावं तर म्हणता येईना. अपेक्षा होती.

“एवढंच?” तिने विचारलं.

“दुसरा प्रश्न आहे ना. ‘हे तिकीट बंद करायचं का?’ तिथेही नाहीच दाबलंय.” हेडबाईंनी कपाळाला आठी घातली. “असं कुणी करत नाही. ज्याचं समाधान होत नाही तो चिडून बंद तरी करतो. हा समाधान झालं नाही म्हणतो आणि उघडंही ठेव म्हणतो.”

टिटवीने खुर्चीची पाठ सोडली नाही.

“खाली एक ओळ लिहिलीय,” हेडबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज ऑफिसचा राहिला नव्हता. त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला. “तूच वाच.”

‘स्टुला, तिला विचार. मग मला पाचला उठवलं का नाहीस? दोघं गेलो असतो.’

तिने ती ओळ वाचली. बाहेर बगळा मान वाकडी करून काचेतून आत बघत होता. तीन वर्षांत तिने स्वतःला हजार प्रश्न विचारले होते, हा एक विचारला नव्हता. चपला हातात घेऊन ती त्याच्या दारावरूनच गेली होती. दार लोटलेलं होतं, आणि नुसतं बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं.

“याला काय उत्तर देणार आहेस?” हेडबाईंनी विचारलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

हेडबाईंनी समजेचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. स्क्रीनवर तीनपायीचं तिकीट होतं, त्याच्यापुढे उघडं असं लिहिलेलं. त्यांनी त्याच्यावरची तारीख पाहिली.

“सात दिवस आहेत,” त्या म्हणाल्या.